प्रकल्प नोंदी: आईचा सूर थांबल्यावर वायनोना

४ जानेवारी २०२५

पॉडकास्ट मालिकेचा पुढचा भाग अमेरिकेतल्या कंट्री संगीतावर करायचा, हे आज पक्कं झालं. मालिका गाजलेल्या जोडीतून बाहेर पडून एकट्याने उभ्या राहिलेल्या गायक-गायिकांवर आहे. आपल्याकडे कंट्री म्हटलं की जॉन डेन्व्हर आणि फार तर केनी रॉजर्स. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या जोड्या मराठी श्रोत्याला जवळजवळ अनोळखी आहेत, त्यामुळे निवड नीट करायला हवी होती.

समोर तीन नावं होती. ब्रूक्स अँड डन या जोडीने २०१० मध्ये निरोपाचा दौरा केला आणि २०११ मध्ये रॉनी डनचा स्वतःचा अल्बम आला. शुगरलँड या जोडीतली जेनिफर नेटल्स २०१४ मध्ये रिक रुबिनसारखा निर्माता घेऊन एकटी आली. दोन्ही अल्बम चांगले आहेत. पण या मंडळींनी थोडं थांबून, ठरवून पाऊल टाकलं. तिसरं नाव वायनोना जडचं. आईबरोबर ती 'द जड्स' या जोडीत गायची, आणि तिला ठरवायला कुणी वेळच दिला नाही. आई आजारी पडली, डॉक्टरांनी गाणं थांबवायला सांगितलं आणि सत्तावीस वर्षांची मुलगी एकटी उरली. मी वायनोनाच्या बाजूने हट्ट धरला. संकलन करणारा मित्र म्हणाला, "तू एवढी ठाम आहेस तर तिच्यावरच करू. पण गाणी वाजवता येणार नाहीत, ते लक्षात ठेव."

हीच मोठी अडचण आहे. हक्कांमुळे मूळ गाणी भागात वाजवता येणार नाहीत. गाण्यात काय घडतं ते गाणं न वाजवता ऐकवायचं कसं, याचा विचार सुरू केला.

११ जानेवारी

पार्श्वभूमीचं टिपण तयार झालं. यातलं बरंच कापावं लागेल, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

आई नेओमी, जन्म १९४६. मुलगी वायनोना, जन्म १९६४. दोघींचं गाव ॲशलंड, केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठी. मुलगी झाली तेव्हा आई अठरा वर्षांची, शाळा संपवत होती. वायनोना हे नाव नंतरचं. पाळण्यातलं नाव क्रिस्टिना. धाकटी बहीण ॲशली पुढे चित्रपटांत गेली, तिला आपले प्रेक्षक ओळखतात.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात नेओमी मुलींना घेऊन केंटकीच्या डोंगराळ भागात, बेरियाजवळ राहत होती. घरात टीव्ही नाही, फोन नाही. वायनोनाच्या हातात गिटार आली ती इथेच. याच काळात नेओमीने हेझल डिकन्स आणि ॲलिस जेरार्ड या दोघींची एक तबकडी स्वस्तात विकत घेतली. दोन बायका, दोन खणखणीत आवाज, कसलंही पॉलिश नाही. ती ऐकून मायलेकी एकमेकींना सूर लावायला शिकल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. 'द जड्स'चा पाया बाजाराने घातलेला नाही. करमणुकीची दुसरी सोय नसलेल्या घरात, संध्याकाळी गळ्याला गळा लावून तो घातला गेला.

१९७९ मध्ये त्या नॅशव्हिलच्या परिसरात आल्या. नेओमी परिचारिका म्हणून काम करायची. राल्फ एमरी यांच्या पहाटेच्या टीव्ही कार्यक्रमात दोघी गायच्या. नेओमी घरी साबण बनवते हे कळल्यावर त्यांनी दोघींना 'सोप सिस्टर्स' असं नावच ठेवलं. निर्माते ब्रेंट माहर यांची मुलगी अपघातानंतर नेओमी काम करत होती त्या रुग्णालयात दाखल झाली. तिथली ओळख पुढे कामी आली. घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर केलेलं ध्वनिमुद्रण नेओमीने माहर यांना दिलं. १९८३ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या मंडळींसमोर दोघींनी प्रत्यक्ष गाऊन दाखवलं आणि करार मिळाला.

१९ जानेवारी

कालरेषा.

१९८४: 'मामा ही'ज क्रेझी' हे पहिलं अव्वल गाणं. हे धरून १९८९ पर्यंत बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत त्यांची १४ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. ग्रॅमी पाच. कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गट किंवा सर्वोत्तम जोडी हा मान १९८५ ते १९९१ असा सलग त्यांच्याकडे राहिला.

१९९०: नेओमीला हिपॅटायटिस सी. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, म्हणजे निदान झालं तेव्हा वैद्यकालाच हा आजार नवा होता. परिचारिका असताना सुई टोचून संसर्ग झाला असावा, असं नेओमी मानायची. उपचार म्हणजे इंटरफेरॉन, आणि त्यानेही माणूस खचून जायचा. आज गोळ्यांनी बरा होणारा हा आजार तेव्हा यकृत पोखरत न्यायचा. भागात हे दोन-तीन वाक्यांत सांगायलाच हवं, नाहीतर श्रोत्याला वाटेल की थकवा आला म्हणून जोडी थांबली.

१९९१: वर्षभर निरोपाचा दौरा. शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला मर्फ्रीसबरोच्या मर्फी सेंटरमध्ये, नॅशव्हिलपासून साधारण ५५ किलोमीटरवर. पैसे भरून घरबसल्या पाहता येईल अशा पद्धतीने तो टीव्हीवरही दाखवला गेला.

१९९२, जानेवारी: अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या मंचावर वायनोना एकटी. निरोपाला दोन महिनेही झाले नव्हते.

१९९२, ३१ मार्च: पहिला एकल अल्बम, 'वायनोना'. मुखपृष्ठावर फक्त पहिलं नाव. 'जड' हे नाव जोडीचं होतं. ते तिने तिथेच ठेवलं.

२७ जानेवारी

मित्राचा प्रश्न रास्त आहे: मुख्य आवाज आधीही वायनोनाचाच होता ना? मग एकल पदार्पणात नवं काय?

खरंच, जड्सच्या गाण्यांत कडवी बहुतेक वायनोनाच गाते. नेओमी धृपदात येते, दुसरा सूर धरते. पोवाड्यात शाहीर पुढे आणि झीलकरी मागे, तशी ही रचना. फक्त इथे झील आई धरते आणि शाहिरी मुलीकडे. मंचावर मात्र नेमकं उलटं चालायचं. बोलायची नेओमी, प्रेक्षकांना हसवायची नेओमी, घेरदार पोशाखात गिरक्या घ्यायची नेओमी. वायनोना गिटार धरून उभी राहायची आणि गायची. म्हणजे गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा, अशी वाटणी झालेली होती.

तेव्हा १९९२ मध्ये वायनोनाला गायला शिकायचं नव्हतं, एकटीने उभं राहायला शिकायचं होतं. आवाजातही काही बदललं का, हे अजून शोधायचं आहे. मला तसं वाटतं, पण नुसतं 'वाटतं' म्हणून भागात बोलणार नाही.

८ फेब्रुवारी

दिवसभर दोन्ही काळांतली गाणी पाठोपाठ ऐकली. आधी जड्सचं एक, मग १९९२ मधलं एक, पुन्हा जड्सचं. हेडफोन लावून, एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष.

जड्सचा पोत विरळ आहे. डॉन पॉटर यांची अकूस्टिक गिटार पुढे, बाकी वाद्यं आपापल्या जागी बसलेली. 'व्हाय नॉट मी'ची सुरुवात ऐका: गिटारचा तो छोटा तुकडा वाजला की गाणं ओळखू येतं. ब्रेंट माहर यांनी जागा मोकळ्या ठेवल्या, कारण दोन सख्ख्या गळ्यांचा मेळ हीच तिथली सजावट होती.

१९९२ चा निर्माता वेगळा, कंपनीही वेगळी. एमसीएचे टोनी ब्राउन. हा माणूस गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, गाणाऱ्या चौकड्यांबरोबर पियानो वाजवत वाढला, एल्विस प्रेसलीच्या शेवटच्या काळात त्याच्या वाद्यवृंदात होता, मग एमिलू हॅरिसच्या साथीला. निर्माता म्हणून स्टीव्ह अर्ल, लाइल लव्हेट यांच्यासारख्या एका चौकटीत न मावणाऱ्या लोकांबरोबर त्याने काम केलं होतं. वायनोनाच्या आवाजात ब्लूज आणि गॉस्पेल आधीपासून होतं. ब्लूज गाणाऱ्या बॉनी रेटची ती लहानपणापासून भक्त. ब्राउन यांनी त्या बाजूचं दार उघडून दिलं.

अल्बममध्ये दहा गाणी. सगळ्यांवर बोलणार नाही.

'शी इज हिज ओन्ली नीड', डेव्ह लॉगिन्स यांचं. बिली नावाचा एक अबोल, छोट्या गावातला माणूस आणि बॉनी. तो तिच्यासाठी ऐपतीबाहेर वस्तू आणत राहतो, एवढीच कथा. वायनोना खालच्या सुरात, गोष्ट सांगितल्यासारखी सुरुवात करते आणि शेवटाकडे आवाज पूर्ण उघडते. पहिलं गाणं म्हणून हेच बाहेर आलं. देशभरातल्या लोकांनी तिला आईला निरोप देताना नुकतंच पाहिलं होतं. विरहाचं एखादं गाणं गायली असती तरी घरोघरी डोळे पुसले गेले असते. तिने 'मी' हा शब्दच बाजूला ठेवून दुसऱ्याच कुणाची साधी गोष्ट सांगितली. मला या निवडीबद्दल अपार आदर वाटतो, आणि भागात तो लपवणार नाही.

'आय सॉ द लाइट'. याच नावाचं हँक विल्यम्स यांचं १९४८ मधलं भक्तिगीत प्रत्येक कंट्री श्रोत्याला पाठ असतं. इथला प्रकाश वेगळा: खिडकीत दिवा, पडद्यावर दोन सावल्या, आणि आपली फसवणूक झाली हे एका क्षणात कळतं. चाल उडती, गाणारी मोडून पडलेली नाही.

'नो वन एल्स ऑन अर्थ'. या गाण्यापाशी थांबावं लागलं. ठेका कंट्रीपेक्षा सोल संगीताच्या जवळचा, बास पुढे. मनाभोवती कुंपणं घालून बसलेली बाई, आणि ती ओलांडून आत आलेला एकच माणूस. वायनोना इथे शब्द ठेक्यावर सरळ ठेवत नाही. काही थोडे उशिरा टाकते, काही खरखरीत गुरगुरत ओढते, सूर खालून घसरत आणते. जड्सच्या कडव्यांतही ती असं करायची. पण धृपदातसुद्धा एवढी मोकळी? तिथे मला धागा सापडल्यासारखं वाटलं.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस प्रकल्पातला सर्वांत चांगला.

गाणी वाजवता येत नाहीत, तर तत्त्व तरी आपल्याच गळ्यांनी ऐकवू, असं ठरवलं होतं. गाण्याचा वर्ग घेणाऱ्या एक ताई आणि त्यांची मुलगी यांना बोलावलं. दोघी शास्त्रीय शिकलेल्या, अशा प्रकारे समांतर सुरांत गाण्याची सवय नाही. मी आधी एक छोटी ओळ बांधून ठेवली होती, कुठल्याही गाण्यातली नाही: सा रे ग प, ग रे सा. पट्टी काळी चार. प्रत्येकीला वेगळा माइक.

"ताई, तुम्ही वरचा सूर धराल का? ती सा म्हणेल तेव्हा तुम्ही ग, ती रे म्हणेल तेव्हा म."

"धरते. पण आधी तिची ओळ तिला एकटीला बसू दे. मी लगेच सोबत आले तर ती माझ्याकडे ओढली जाईल."

हे त्यांनी सहज सांगितलं, आणि भागासाठी तेच सर्वांत कामाचं वाक्य ठरलं.

सा-ग, रे-म, ग-प छान जमलं. पंचमावर अडलं. त्याच हिशेबाने वर निषाद येतो, आणि तिथे ताईंनाच खटकलं. "इथे निषाद नको वाटतो, सां घेते," त्या म्हणाल्या. त्यांनी षड्ज घेतला आणि मेळ एकदम बसला. कंट्रीतला दुसरा सूर धरणारा माणूसही असंच करतो. अंतर मोजून चालत नाही, खालचा मेळ काय मागतो ते ऐकतो. नेओमीला संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं; हे तिने कानानेच मिळवलं.

मग खरी चाचणी. मुलीला सांगितलं, आता गातेस तशीच गा, मनात येईल ती जागा घे. तिने रे वरून ग कडे जाताना छोटी मींड घेतली, शेवटचा सा किंचित उशिरा लावला. ताई तिच्या आधी पोचल्या आणि मेळ विस्कटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ताई म्हणाल्या, "तू कुठे थांबणार ते मला आधी कळायला हवं गं, नाहीतर मी तुझ्याबरोबर कशी येऊ?" मुलीने मींड सोडली, ओळ सरळ गायली आणि दोन्ही आवाज पुन्हा एक झाले.

त्यानंतर मित्राने ताईंचा ट्रॅक बंद केला. मुलीची सरळ ओळ एकटी ऐकली. सूर चोख, पण उघडी पडलेली. काहीतरी काढून नेलंय हे कळतं. मग तिची मींड घेतलेली, उशिरा समेवर येणारी ओळ एकटी ऐकवली. ती पूर्ण वाटली, तिच्यात कुणाची जागा रिकामी नव्हती.

माझ्या भागाचं म्हणणं एवढंच आहे. दोघींनी एका वेळी एक शब्द उच्चारायचा तर मुख्य आवाजाला हात आखडता घ्यावा लागतो. धृपदात वायनोना पंधरा-सोळा वर्षं तसं गात आली, डोंगरातल्या घरापासून. आईचा सूर गेला तेव्हा दोन वाटा होत्या: दुसरा कुणी तसाच गळा आणून तिथे बसवायचा, किंवा ओळच नव्या तऱ्हेने गायची. अल्बममध्ये मागे कोरस आहे, चांगला आहे, पण नेओमीची जागा त्याला दिलेली नाही. ती जागा वायनोनाने आपल्याच आवाजाच्या हालचालीने भरली.

२२ फेब्रुवारी

मित्राने हरकत घेतली, आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. तो म्हणतो, "हे सगळं मोकळं होण्याचं कौतुक झालं. आई बाजूला झाली आणि मुलगी फुलली, असं ऐकू येईल. ते बरं दिसत नाही."

बरोबर आहे. म्हणून 'माय स्ट्रॉंगेस्ट वीकनेस' या गाण्याला भागात मोठी जागा देते आहे. ते नेओमीने माइक रीड यांच्याबरोबर लिहिलं. रीड आधी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचे, मग पूर्णवेळ गीतकार झाले. विसरता न येणाऱ्या माणसाबद्दलचं संथ गाणं. आईचा गळा या गाण्यात सोबत नसला तरी तिचे शब्द मुलीच्या तोंडी राहिले. नेओमी घरी आजाराशी झगडत होती आणि तिचंच गाणं मुलगी एकटी गात होती. हे कळल्यावर मोकळेपणाच्या मुद्द्याला जे वजन यायला हवं ते येतं. संहितेत हा भाग चाचणीच्या आधी घेतला.

१ मार्च

आकड्यांचा परिच्छेद. थोडक्यात ठेवणार.

अल्बम कंट्री यादीत पहिला, सर्वसाधारण बिलबोर्ड २०० यादीत चौथा. सुटी बाहेर आलेली पहिली तीन गाणी कंट्री गाण्यांच्या यादीत ओळीने पहिल्या क्रमांकावर, नेओमीचं गाणं चौथ्यापर्यंत. अमेरिकेत ५० लाख प्रतींचं प्रमाणपत्र, जड्सच्या कुठल्याही अल्बमपेक्षा जास्त.

शेवटच्या वाक्याबरोबर काळाचा संदर्भ द्यायला हवा. मे १९९१ पासून बिलबोर्ड दुकानांतल्या प्रत्यक्ष विक्रीची यंत्रावरची नोंद वापरू लागलं आणि कंट्री किती खपतं ते सगळ्यांना दिसलं. त्याच सप्टेंबरमध्ये कंट्री गायक गार्थ ब्रूक्सचा अल्बम सर्वसाधारण यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. म्हणजे वायनोना आली तेव्हा बाजार फुगत होता. तिच्या यशातला काही वाटा त्या लाटेचाही. पण त्या लाटेत बुडालेलेही पुष्कळ होते.

९ मार्च

भाग कुठे संपवायचा, यावर बराच खल झाला.

नेओमी पुढे त्या आजारातून सावरली. २००० मध्ये मायलेकी पुन्हा दौऱ्यावर गेल्या, २०१० मध्येही. मग ३० एप्रिल २०२२. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये दोघींचा प्रवेश होण्याच्या आदल्या दिवशी नेओमी गेली. मानसिक आजाराने आई गेली, असं मुलींनी स्वतः जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सोहळा झाला, दोन्ही मुली मंचावर आल्या. त्या वर्षी ठरलेला मायलेकींचा दौरा वायनोनाने रद्द केला नाही; वेगवेगळ्या गायिका येऊन तिच्याबरोबर उभ्या राहिल्या. नोव्हेंबरमध्ये तिने मर्फी सेंटरमध्येच पुन्हा कार्यक्रम केला, जिथे १९९१ चा निरोप झाला होता.

मित्राला वाटतं की सुरुवातच यापासून करावी, श्रोता लगेच धरला जाईल. मी ठाम नकार दिला. आपला विषय १९९२ चा अल्बम आहे. त्या वेळी हे काहीही घडलेलं नव्हतं, आणि त्या गाण्यांवर पुढच्या दुःखाची सावली मागून पाडणं मला योग्य वाटत नाही. मृत्यूची माहिती शेवटच्या काही मिनिटांत, साध्या शब्दांत, तपशिलात न शिरता. वर्णनात मानसिक आरोग्यासाठीच्या मदतवाहिनीची माहिती द्यायची, हेही ठरलं.

२३ मार्च

निवेदन मुद्रित झालं. ताई आणि त्यांच्या मुलीचा तुकडा मध्यावर येतो आणि त्यावर पार्श्वसंगीत अजिबात नाही. खोलीतला पंखाही बंद करून घेतलं होतं, त्यामुळे दोन्ही श्वास ऐकू येतात. मींडेमुळे मेळ विस्कटतो तो प्रयत्नही ठेवला. ताईंना आधी विचारलं, त्या म्हणाल्या, "ठेवा की. तोच तर धडा आहे."

वर्णनात ऐकण्याचा क्रम दिला आहे: आधी 'मामा ही'ज क्रेझी', मग 'व्हाय नॉट मी', मग भागातला मायलेकींचा तुकडा, आणि त्यानंतर 'शी इज हिज ओन्ली नीड', 'माय स्ट्रॉंगेस्ट वीकनेस', 'नो वन एल्स ऑन अर्थ'. शेवटच्या गाण्यात धृपदाकडे कान ठेवा, एवढीच सूचना.

अंतिम फाइल मित्राकडे आवाजाची पातळी तपासायला गेली आहे. हेझल आणि ॲलिस यांच्यावर वेगळा छोटा भाग करता येईल का, ते पुढच्या बैठकीत मांडते.